पात्रे सहा, माणसे सदतीस : एका हौशी संगीतिकेचे प्रकरण

अमेरिकेतील ओहायो राज्यातील एका लहान शहरात तेथील हौशी नाट्यसंस्थेने ‘यू आर अ गुड मॅन, चार्ली ब्राउन’ ही संगीतिका बसवली, तेव्हा निर्मितीची कागदपत्रे सांभाळण्याचे काम माझ्याकडे होते. पहिल्या प्रयोगाला चोवीस दिवस उरले असताना असे लक्षात आले की, संहितेत नसलेला एक अख्खा प्रवेश आमच्या तालमीत पक्का बसला आहे आणि तो रंगमंचावर करण्याचा अधिकार आमच्यापाशी नाही. त्यानंतर काय घडले, समोर कोणते पर्याय होते आणि त्यांतला कोणता का निवडला, याची ही नोंद आहे. संस्थेचे आणि व्यक्तींचे तपशील ओळख पटणार नाही इतपत बदलले आहेत. संगीतिकेविषयीची माहिती मात्र जशीच्या तशी दिली आहे.

पार्श्वभूमी

या संगीतिकेचे मूळ असलेली, चार्ल्स शुल्झ यांची ‘पीनट्स’ ही चित्रमालिका २ ऑक्टोबर १९५० रोजी सात वृत्तपत्रांतून सुरू झाली आणि तिची अखेरची रविवारची पुरवणी-पट्टी १३ फेब्रुवारी २००० रोजी, म्हणजे शुल्झ यांच्या निधनाच्या दुसऱ्या दिवशी छापून आली. जवळपास पन्नास वर्षे एकाच माणसाने, चित्रे काढायला मदतनीस न ठेवता, सुमारे अठरा हजार पट्ट्या काढल्या आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्यानंतर दुसऱ्या कोणी नवी पट्टी काढली नाही. तीन पिढ्यांनी रोज सकाळी वाचलेल्या अशा मालिकेविषयी वाचकाच्या मनात एक प्रकारचा मालकी हक्क तयार होतो. १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये चिंटू वाचत मोठ्या झालेल्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. अग्रलेखाआधी चिंटू पाहणारी घरे आपण पाहिली आहेत, आणि त्या घरांतल्या प्रत्येकाला चिंटू आपल्याच वाड्यातला वाटत असे.

संगीतकार-गीतकार क्लार्क गेस्नर यांनी ‘पीनट्स’च्या पात्रांवर गाणी रचायला सुरुवात केली ती १९६०च्या दशकाच्या आरंभी. चित्रमालिकेचे वितरण करणाऱ्या सिंडिकेटकडून परवानगी मिळेना, तेव्हा त्यांनी काही गाणी ध्वनिमुद्रित करून ती फीत थेट शुल्झ यांच्याकडे धाडली, आणि त्यानंतर परवानगी मिळाली. १९६६ साली त्या गाण्यांची तबकडी निघाली आणि ७ मार्च १९६७ रोजी न्यूयॉर्कमधील थिएटर एटी सेंट मार्क्स या छोट्या नाट्यगृहात संगीतिका रंगमंचावर आली. तेथे तिचे १,५९७ प्रयोग झाले. या फितीचा उल्लेख पुढे आमच्या बैठकीत अनपेक्षितपणे आला, म्हणून तो येथेच करून ठेवतो.

या संगीतिकेत पात्रे अवघी सहा. चार्ली ब्राउन, लूसी, लायनस, पियानोवेडा श्रोडर आणि चार्लीचा कुत्रा स्नूपी हे पाच कायम. सहावी जागा १९६७च्या संहितेत पॅटीची होती, ती १९९९च्या ब्रॉडवेवरील पुनरुज्जीवनात चार्लीच्या धाकट्या बहिणीची, सॅलीची झाली. त्या वेळी संगीतकार अँड्र्यू लिपा यांनी नवी गाणीही जोडली. आम्ही घेतलेला परवाना या सुधारित संहितेचा होता.

संगीतिकेला सलग कथानक नाही. चार्ली ब्राउनच्या आयुष्यातील एक दिवस एवढी सैल चौकट आहे. तीत पतंगाची फजिती, लूसीचे पाच सेंटांत मानसोपचार करणारे दुकान, लायनसचे ब्लँकेट, बेसबॉलचा हरलेला सामना, स्नूपीच्या जेवणाची वेळ असे प्रसंग एकामागून एक येतात. काही प्रसंग तर वर्तमानपत्रातल्या चार चौकटींइतकेच असतात. दोन वाक्ये, एक विराम, तिसरे वाक्य आणि दिवे बंद. आमच्या अडचणीचे मूळ या रचनेत आहे असे मला आज वाटते. तीन अंकी नाटकात कोणी नवा प्रवेश घुसवला तर सांधा दिसतो. येथे माळेत आणखी एक मणी ओवला तर तो मूळचा नव्हे हे पाहणाऱ्याला कळतही नाही.

संस्थेविषयी थोडे. एका जुन्या चर्चच्या इमारतीत एकशे चाळीस खुर्च्यांचे नाट्यगृह. सारे काम स्वयंसेवकांचे. दरवर्षी एप्रिलमध्ये शहरातील मुलांना सामावून घेणारा एक प्रयोग. संस्थेत एक अलिखित प्रथा होती की, या एप्रिलच्या प्रयोगासाठी ऑडिशनला आलेल्या मुलाला शक्यतो रिकाम्या हाताने परत पाठवायचे नाही. ही संगीतिका निवडताना कार्यकारिणीने नेपथ्याचा खर्च पाहिला. कुत्र्याचे घर, छोटा पियानो, भिंतीचा एक तुकडा, एवढ्यात काम भागते. प्रथेचा आणि सहा पात्रांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न त्या बैठकीत कोणी विचारल्याचे इतिवृत्तात नाही. इतिवृत्त मीच लिहिले होते.

माझी स्वतःची नाटकाची शिदोरी तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवातली. तेथे तीन अंकी नाटक दीड तासात बसवणे, गावातल्या कोणा काकांवर आयत्या वेळी दोन वाक्ये घालणे आणि त्यावर टाळ्या मिळवणे, हे सारे कौतुकाचे मानले जाते. महाराष्ट्रात हौशी राज्य नाट्य स्पर्धेला उतरताना लेखकाचे परवानगीपत्र आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते, हे मला ठाऊक होते. पण मंडळाच्या हॉलमध्ये ते कोणी मागत नाही, आणि सवय हॉलचीच लागलेली असते. हे सांगण्याचे कारण एवढेच की, पुढे जी चूक झाली तिच्यावर माझी सही आहे.

प्रश्न कसा उभा राहिला

जानेवारीतल्या दोन संध्याकाळी मिळून सदतीस जण ऑडिशनला आले. त्यांत चौदा प्रौढ होते आणि तेवीस मुले. पहिला निर्णय दिग्दर्शिकेने घेतला, तो असा की सहाही भूमिका मोठ्यांना द्यायच्या. दिग्दर्शिका शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या होत्या आणि त्यांचे कारण पटण्याजोगे होते. १९६७च्या मूळ संचातही सारे नट प्रौढच होते. लहान मुलांची वाक्ये मोठ्या माणसाच्या तोंडून आली की त्यांतले एकटेपण ऐकू येते, मुलांच्या तोंडून ती नुसती गोड वाटतात. निर्णय कलेच्या दृष्टीने बरोबर होता, पण तेवीस मुलांचे काय करायचे हा प्रश्न त्याच क्षणी तयार झाला.

दिग्दर्शिकेने त्यावर उपाय शोधला. सार्वजनिक वाचनालयातून ‘पीनट्स’चे जाडजूड संग्रह आणून त्यांनी शाळेच्या वर्गातल्या पट्ट्या निवडल्या आणि नऊ मुलांसाठी सात पानांचा एक प्रवेश तयार केला. तालमीत तो अकरा मिनिटे चाले. त्यात पेपरमिंट पॅटी होती, मार्सी होती, फ्रँकलिन होता. यांतले कोणीच संगीतिकेत नाही, आणि निदान शेवटच्या दोघांच्या बाबतीत त्याला साधे कारण आहे. फ्रँकलिन चित्रमालिकेत आला तोच ३१ जुलै १९६८ रोजी, म्हणजे संगीतिका सुरू होऊन जवळपास सतरा महिने उलटल्यावर. मार्सी १९७१ सालची. आणि १९६७च्या संहितेतली पॅटी ही मालिकेच्या पहिल्या वर्षांतली, निराळी पॅटी. वाचकांच्या मनात मात्र हे सगळे एकाच वर्गात बसतात. प्रवेशाचे हस्तलिखित मी वाचले, दोन ठिकाणी मोठ्याने हसलो आणि ‘छान’ असा शेरा लिहून परत दिले.

फ्रँकलिनविषयी वेगळे सांगायला हवे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर लॉस एंजेलिसमधील शिक्षिका हॅरिएट ग्लिकमन यांनी शुल्झ यांना पत्र लिहून, त्यांच्या गोऱ्या मुलांच्या मोहल्ल्यात एखादे काळे मूल असावे, अशी सूचना केली होती. त्या पत्रव्यवहारातून फ्रँकलिन जन्माला आला. आमच्या ऑडिशनला आलेल्या मुलांत तेरा वर्षांचा एक काळा मुलगा होता आणि दिग्दर्शिकेने फ्रँकलिन त्याला दिला. हेतू चांगला होता. तिसऱ्या आठवड्यातल्या तालमीनंतर त्या मुलाचे वडील थांबले आणि अत्यंत शांतपणे म्हणाले, “माझा मुलगा दोन महिने गाण्याची तयारी करून आला होता. तुमच्या या प्रवेशात त्याला गायला एक ओळही नाही. फ्रँकलिन कोण होणार हे तुम्ही त्याच्याकडे बघून ठरवलेत. श्रोडर कोण होणार हे कसे ठरवलेत?”

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि असण्याचे कारणही नव्हते. १९९९च्या ब्रॉडवे संचात श्रोडरची भूमिका स्टॅन्ली वेन मॅथिस या काळ्या नटाने केली होती आणि लायनस झाले होते बी. डी. वाँग. नट कोणत्या वर्णाचा आहे यावरून पात्र ठरवण्याची गरज या संगीतिकेला कधी पडलेली नाही. दिग्दर्शिका ‘विचार करते’ म्हणाल्या आणि विषय पुढच्या आठवड्यावर गेला. आज मागे वळून पाहताना मला वाटते की, संपूर्ण प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय घेण्याची वेळ ती होती आणि आम्ही ती तालीम संपण्याच्या घाईत घालवली.

परवान्याचा प्रश्न त्यानंतर दहा दिवसांनी, अगदी कारकुनी कारणाने वर आला. कार्यक्रमपत्रिका छापायची होती. परवान्याच्या करारात श्रेयनामावलीचे नियम काटेकोर असतात. मूळ चित्रमालिकाकार, संगीतकार, गीतकार यांची नावे कोणत्या क्रमाने आणि शीर्षकाच्या किती टक्के आकारात छापायची हे तेथे लिहिलेले असते. ते कलम शोधताना त्याच पानावरचे पुढचे कलम नजरेस पडले. संहिता, संगीत आणि गीते यांत कोणतीही भर, काट वा बदल लेखी परवानगीशिवाय करता येणार नाही. आणखी खाली लिहिले होते की, जाहिरातीसाठी परवान्यासोबत दिलेले बोधचिन्हच वापरावे. चित्रमालिकेतील चित्रांचा वापर या परवान्यात अंतर्भूत नाही. त्या वेळी माझ्या टेबलावर आमच्या पोस्टरचे दीडशे छापील कागद होते आणि प्रत्येकावर घराच्या छपरावर उताणा झोपलेला स्नूपी होता. तो संस्थेच्या एका ज्येष्ठ स्वयंसेवकाने तीन रात्री जागून काढला होता, आणि हुबेहूब काढला होता.

समोरचे पर्याय

त्याच आठवड्यात कार्यकारिणीची बैठक झाली. चर्चा सव्वादोन तास चालली आणि तिच्यात पुढील मते आली.

पहिले मत खजिनदारांचे होते. एकशे चाळीस खुर्च्यांचे नाट्यगृह, सहा प्रयोग. कोण तपासायला येणार आहे? हे मत दिसते तितके बेजबाबदार नव्हते. मुलांच्या मनाची मोडतोड टाळणे हा त्यामागचा खरा विचार होता. त्याला विरोध करताना कोणी नीतीचा मुद्दा काढला नाही. संस्थेला पुढच्या वर्षीही परवाना याच बाजारातून घ्यायचा आहे, आणि नऊ मुलांचे पालक प्रवेशाचे मोबाइल चित्रीकरण त्याच रात्री सर्वांना पाठवणार आहेत, एवढे सांगितल्यावर खजिनदारांनी स्वतःच मत मागे घेतले.

दुसरे मत दिग्दर्शिकेचे होते आणि बैठकीतले ते सर्वांत सबळ मत होते. त्या म्हणाल्या, “या सात पानांत माझा एकही शब्द नाही. सगळे शब्द शुल्झ यांचे आहेत. त्यांच्याच संगीतिकेत त्यांचेच शब्द घातले तर बदल कसला?” या युक्तिवादातील चूक सापडायला आम्हाला वेळ लागला. परवाना शुल्झ यांच्या साऱ्या लेखनाचा नव्हता. गेस्नर आणि लिपा यांच्या हातून जी ठरावीक संहिता तयार झाली, तेवढीच रंगमंचावर आणण्याचा होता. वाचनालयातल्या संग्रहाचे हक्क हा निराळा विषय, आणि ते आमच्याकडे कधीच नव्हते. शुल्झ आता हयात नाहीत, मालिका तर वर्तमानपत्रातली, म्हणजे सर्वांचीच, असे एका सदस्याने म्हणून पाहिले. त्याचे उत्तर सोपे होते. अमेरिकेत त्या काळातील प्रकाशित कामाचा हक्क प्रकाशनापासून ९५ वर्षे टिकतो. १९२९ सालच्या चित्रमालिकेतला पॉपाय १ जानेवारी २०२५ रोजी हक्कमुक्त झाला. त्याच हिशेबाने १९५० सालच्या चार्ली ब्राउनला २०४६ उजाडावे लागेल.

तिसरा पर्याय म्हणजे प्रवेश सरळ काढून टाकायचा आणि नऊ मुलांना निरोप द्यायचा. कायद्याने हे निर्धोक होते आणि माणुसकीच्या दृष्टीने सर्वांत वाईट.

चौथा पर्याय परवाना देणाऱ्या संस्थेला विचारण्याचा. यावर आक्षेप असा की, विचारले की त्यांना कळणार, नकार आला तर मधले सगळे दरवाजे बंद होणार आणि उत्तर येईपर्यंतचे दिवस वाया जाणार. येथे आमच्या पियानोवादकाने, जो बैठकीत एरवी काही बोलत नसे, गेस्नर यांच्या फितीची गोष्ट सांगितली. ज्या संगीतिकेत आपण चोरून भर घालायला निघालो आहोत, ती स्वतः एकदा नकार मिळाल्यावर दुसऱ्यांदा विचारले म्हणून अस्तित्वात आली आहे, असे तो म्हणाला. बैठक तेथे वळली, हे मला नोंदवलेच पाहिजे.

पाचवा पर्याय माझा होता. दोन संच करायचे. सहा भूमिका दोनदा वाटल्या की बारा जण सामावतात आणि संहितेला हात लागत नाही. अडचण एवढीच की, दुसऱ्या संचाला तालमीसाठी जेमतेम तीन आठवडे मिळणार होते.

निर्णय आणि कृती

ठरले ते असे. वर्गाच्या प्रवेशाची तालीम त्याच रात्रीपासून थांबवायची. चौथा आणि पाचवा पर्याय एकाच वेळी हाती घ्यायचे. पोस्टर वाटायचे नाही. विचारणा करताना प्रश्नांचे तुकडे पाडायचे, असा आग्रह मी धरला, कारण ‘थोडे बदल करू का’ असे मोघम विचारले की उत्तरही ठोक नकाराचेच येते. म्हणून पत्रात चार स्वतंत्र प्रश्न विचारले. हा प्रवेश घेता येईल का? समूहगीतांत जादा मुलांचा आवाज, नवे पात्र किंवा नवे वाक्य न घालता, घेता येईल का? प्रयोगांची संख्या तीच ठेवून दोन संच करता येतील का? आणि हाताने काढलेला स्नूपी पोस्टरवर चालेल का?

उत्तर सहा दिवसांनी आले. प्रवेशाला आणि चित्राला नकार होता. समूहगीतातल्या जादा आवाजांना आणि दोन संचांना होकार होता. उत्तराची भाषा सौजन्याची होती. ते सहा दिवस आम्ही ज्या भीतीत काढले तिला आधार नव्हता, पण हे नंतरचे शहाणपण झाले.

पालकांना सांगण्याचे काम दिग्दर्शिकेने आणि मी वाटून घेतले आणि प्रत्येकाला प्रत्यक्ष भेटून सांगितले. चूक आमची आहे, मुलांच्या कामात काही कमी नव्हते, हे वाक्य आधी बोलायचे असे आम्ही ठरवले होते. एका पालकांनी संस्थेला दिलेली देणगी परत मागितली आणि ती आम्ही परत केली. दोन मुले सोडून गेली. सहा जणांनी समूहगीतांत उभे राहायचे मान्य केले.

नववा तो तेरा वर्षांचा मुलगा. दुसऱ्या संचासाठी पुन्हा ऑडिशन घेतली, आणि या वेळी पात्राचे नाव आधी न सांगता सर्वांना तीच दोन गाणी गायला दिली. श्रोडर त्याला मिळाला. दिग्दर्शिकेने त्याच्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितले की, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला त्याच दिवशी द्यायला हवे होते. ते नुसतेच मान हलवून तालीम पाहायला बसले.

काढून टाकलेल्या अकरा मिनिटांची एक वेगळी भरपाई आपोआप सुचली. संगीतिकेत एक गाणे आहे ज्यात चार मुले सशाच्या पुस्तकावर शंभर शब्दांचा निबंध लिहीत असतात. त्यावरून शहरातील मुलांनी स्वतःच्या आवडत्या पुस्तकावर शंभर शब्द लिहून आणावेत आणि मध्यंतरात बाहेरच्या दालनात वाचावेत, असे ठरवले. यात पात्र नाही, चित्र नाही, संहिता नाही. म्हणून परवानगीचाही प्रश्न नाही. सोडून गेलेल्या दोघांपैकी एक मुलगी निबंध घेऊन परत आली.

फलित

सहा प्रयोग ठरल्याप्रमाणे झाले. शुक्रवार-शनिवारचे चार पहिल्या संचाचे, रविवार दुपारचे दोन दुसऱ्या संचाचे. पहिल्या संचाचे तीन प्रयोग हाऊसफुल गेले. रविवारच्या पहिल्या प्रयोगात दुसऱ्या संचाची तयारी कमी पडली, आणि ती नेमकी त्या निबंधाच्या गाण्यातच उघडी पडली. हे गाणे अवघड आहे. लूसी शब्द मोजत लिहीत असते, लायनस पुस्तकाचे गंभीर विश्लेषण करत असतो, श्रोडर सशाचा विषय सोडून रॉबिन हूडच्या गोष्टीत घुसतो, आणि चार्ली ब्राउन आत्ता लिहू की नंतर, या विचारात कागद कोरा ठेवून बसतो. चौघांच्या चार चाली शेवटी एकावर एक चढतात. त्या दुपारी लूसीची मोजणी चुकली, तिच्या पाठोपाठ लायनस एक ओळ आधी सुरू झाला आणि चार चालींचा गुंता झाला. पियानोवादकाने स्वरलिपीतले तेच दोन बार पुन्हा वाजवले, मग पुन्हा. तेव्हा श्रोडर झालेल्या त्या मुलाने आवाज चढवला आणि रॉबिन हूडची लढाई एवढ्या जोरात गायला लागला की बाकीच्या तिघांना धरायला एक दोर मिळाला. शेवटच्या सुरावर चौघे एकत्र आले. प्रेक्षकांना काय घडले ते कळले नसावे. विंगेत उभ्या असलेल्या आम्हा सर्वांना कळले.

पैशांचे म्हणाल तर नव्या पोस्टरची छपाई आणि परत केलेली देणगी एवढेच नुकसान झाले. तिकीटविक्रीत ते भरून निघाले.

वेगळे काय करता आले असते

करार नाटक निवडण्याआधी वाचायला हवा होता, हे उघडच आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे संस्थेने आपल्या प्रथेशी प्रामाणिक राहून नाटक निवडायला हवे होते. ‘सर्वांना घ्यायचे’ हे पहिले उद्दिष्ट असेल, तर वर्तमानपत्री चित्रमालिकेवरचीच, पण अनाथाश्रमातील मुलींनी आणि न्यूयॉर्कच्या गर्दीने भरलेली ‘ॲनी’ समोर होती. हॅरोल्ड ग्रे यांच्या १९२४ सालच्या मालिकेवरची ही संगीतिका १९७७ साली ब्रॉडवेवर आली, आणि तिच्यात बऱ्याच मुलांना संहितेतच जागा आहे. नेपथ्याचा खर्च वाढला असता. चार्ली ब्राउनमध्ये खर्च वाचला, पण त्याची किंमत नऊ मुलांकडून वसूल करावी लागली असती.

समूहगीतांत मुले चालतील का, हा प्रश्न डिसेंबरमध्ये विचारता आला असता. होकार तेव्हाही हाच आला असता असे धरले, तर ना प्रवेश लिहावा लागला असता, ना मोडावा लागला असता. दोन संचांबद्दल मला अजूनही खात्री नाही. दुसऱ्या संचाला तीन आठवडे पुरले नाहीत हे खरे आहे, आणि तो नसता तर तो मुलगा गायला नसता हेही खरे आहे.

फ्रँकलिनच्या बाबतीत परवाना हा आमचा बचाव नाही. परवानगी मिळाली असती तरी तो प्रवेश त्या मुलाच्या दृष्टीने चुकीचाच होता, आणि करारातल्या कलमाने आम्हाला ती चूक सुधारायला भाग पाडले, एवढेच. वडिलांनी प्रश्न विचारला त्या संध्याकाळी आम्ही ऑडिशन पुन्हा घ्यायला हवी होती.

एक गोष्ट मात्र पुरती बिघडली आणि ती माझ्या हातून बिघडली. पालकांना आम्ही एकेकाला भेटून सांगितले. पोस्टर काढणाऱ्या त्या ज्येष्ठ स्वयंसेवकाला मी ईमेल पाठवला. चार ओळींचा, कलमाचा क्रमांक घालून. त्यांचे उत्तर आले नाही. पहिल्या शुक्रवारी ते आले, फुकट पास न घेता तिकीटबारीवर पैसे देऊन शेवटच्या रांगेत बसले आणि पडदा पडल्यावर कोणालाही न भेटता गेले. त्यानंतर ते संस्थेत आलेले नाहीत. त्यांच्या घरी जायचे म्हणून मी दोनदा गाडी काढली आणि दोन्ही वेळा दुकानातून दूध घेऊन परत आलो. ते दीडशे कागद टाकून देणे कोणाच्याने झाले नाही, म्हणून त्यांच्या कोऱ्या बाजूवर आम्ही तालमीचे वेळापत्रक छापतो. कागद पातळ आहे. ग्रीनरूमच्या दिव्याखाली धरला की बुधवार-गुरुवारच्या मधून स्नूपीचा कान दिसतो.